वेगळे काढलेले दाणे

माघ महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझी थोरली बहीण यमुना वर्ध्याच्या इस्पितळात वारली. वय अठ्ठेचाळीस. दाखल्यावर कारण ‘यकृताचा विकार’ असे लिहिले आहे. निरोप नागपूरला आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पावणेनऊला टेलिफोनवर आला. मी तेव्हा बाजारभावांचे मुद्रित तपासत होतो आणि हिंगणघाटच्या कापसाच्या ओळीवर बोट होते. निरोप ऐकून मी ती ओळ पुरी केली. तिच्यात एक चूक होती, ती दुरुस्त केली आणि मग उठलो. दुपारच्या पॅसेंजरने वर्ध्याला पोचलो तेव्हा नालवाडीच्या बायका इस्पितळाच्या ओट्यावर बसून होत्या. त्यांच्यातली गिरजाबाई सोडून सगळ्या रडत होत्या.

या गोष्टीला आज सहा आठवडे झाले. मी पाहिले ते आणि नुसते ऐकले ते वेगवेगळे ठेवून लिहितो, कारण तिच्या मृत्यूबद्दल जे बोलले जात आहे त्यात या दोहोंची सरमिसळ झाली आहे.

यमुनेला मी अक्का म्हणत असे. वर्ध्याजवळच्या नालवाडीत तिला सगळे बाई म्हणत, कारण तिथली बालवाडी ती चालवत असे. आमचे वडील हिंगणघाटला जिनिंगमध्ये होते. अक्काला सेलूकडच्या एका शाळामास्तरांना दिले होते. त्यांना एकच मुलगी झाली, कुसुम. लढाईच्या दिवसांत ती तीन वर्षांची असताना तिला मुडदूस झाला. हातपाय काडीसारखे, पोट तेवढे मोठे. वैद्यांनी बदाम उगाळून दुधातून द्यायला सांगितले. बदाम पंधरा दिवस पुरले. कुसुम कार्तिकात गेली. पुढे दोन वर्षांनी मेहुणेही गेले आणि अक्का वर्ध्याला आली. तिथे निसर्गोपचार करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तिला सांगितले, की बदामात जे आहे ते बहुतेक सगळे भुईमुगाच्या दाण्यात आहे. हे सांगताना ते कुसुमविषयी काही जाणत नव्हते. अक्काने मला हा प्रसंग दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबली. “फल्ली मागच्या वावरात उभी होती रे...” फल्ली म्हणजे आमच्याकडे भुईमुगाची शेंग.

बालवाडी स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाली. नालवाडीच्या कडेला पत्र्याची एक खोली, तिच्या मागे अक्काची राहण्याची खोली आणि मध्ये पडवी. मुले बहुतेक शेतमजुरांची. दाणे रात्रभर तांब्याच्या पातेल्यात भिजत घातलेले असत. सकाळी प्रार्थना झाली की मुले ओळीने येत आणि पातेल्यात हात घालून आपली मूठ आपण भरून घेत. माप म्हणजे ज्याची त्याची मूठ, हा अक्काचा नियम. “ज्याची मूठ मोठी, त्याले भूक मोठी,” असे ती म्हणे. मुठीबरोबर गुळाचा खडा. घास बत्तीस वेळा चावायचा, तोही मोठ्याने मोजत. तोंड भरलेले असताना मोजायचे कसे, हा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. बत्तीसच्या पुढचे आकडे न येणारी पण बत्तीसपर्यंत कधीही न चुकणारी मुले मी तिथे पाहिली आहेत.

पहिल्या वर्षी आया भांडायला येत. दाण्यांनी पित्त होते, खोकला होतो, वरून पाणी प्यायले तर घसा धरतो, अशी त्यांची समजूत होती. सगळ्यांत मोठा आवाज गिरजाबाईचा. ती मजुरीला जाणारी, तिशीच्या आतली, नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल. तिची सुमी बालवाडीत होती. त्या भांडणाच्या वेळी मी पडवीत बसलो होतो.

“बाई, माह्या पोट्टीचं पोट काल लय दुखलं. तुमची फल्ली बंद करा.”

“काल तिनं बोरं किती खाल्ली, ते इचारलं काय तिले?”

“बोरं तं सारेच खातेत.”

“मंग फल्लीवरच काऊन घसरली तू? बोरं माही नाईत म्हणून?”

गिरजाबाई हसली नाही, पण गेली. सुमी येतच राहिली. तिचे केस तेव्हा तांबूस, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे होते, पावलांवर सूज होती आणि ओठांच्या कोपऱ्यांत चिरा होत्या. दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो तेव्हा चिरा नव्हत्या. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या केसांची मुळे काळी होती आणि टोके तांबूस. अक्काने तिला माझ्यासमोर उभे करून वेणी सोडून दाखवली, एखाद्या कापडाचा काठ दाखवावा तशी. सुमीला सकाळी दाणे मिळत आणि घरी ज्वारीची भाकरी, आधी मिळे तेवढीच. दुसरे काही बदलले नव्हते. हे मी गिरजाबाईकडून ताडून पाहिले आहे. त्या दिवसापासून गिरजाबाई अक्काचा उजवा हात झाली. तिचे भांडण मात्र थांबले नाही, फक्त ते आता अक्काच्या बाजूने असे.

दाणे दोन वाटांनी येत. काही शेतकरी सुगीला पायलीभर शेंगा आणून टाकत. बाकीचा साठा सरव्याचा. भुईमूग काढून नेल्यावर जमिनीत राहिलेल्या शेंगा बायका खुरप्याने उकरून काढतात, त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. शेताचा मालक त्यांना अडवत नाही. गिरजाबाई आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच बाया सुगीनंतर आठ-दहा दिवस मजुरी बुडवून सरवा करत आणि निम्म्या शेंगा बालवाडीला देत. या शेंगा मातीत जास्त दिवस राहिलेल्या असत. परतीचा पाऊस लांबला की त्या भिजत. पोती खोलीच्या मागच्या भिंतीला लागून असत आणि ती भिंत पावसाळ्यात ओल धरी. हे सगळे मी पाहिलेले आहे. तेव्हा त्याचा काही अर्थ वाटला नव्हता.

दर रविवारी निवड होई. अक्का आणि गिरजाबाई सूप घेऊन बसत. चांगले दाणे पातेल्यात, फुटके चटणीसाठी, आणि तिसरा वाटा सुरकुतलेल्या, काळपट, काहींवर हिरवट बुरशी धरलेल्या दाण्यांचा. तो मुलांना चुकूनही जाऊ नये म्हणून अक्का प्रत्येक दाणा बोटांनी फिरवून बघे. तिसरा वाटा एका पत्र्याच्या डब्यात जाई. तो डबा तिचा. ती ते दाणे फडक्यात चोळी, तव्यावर भाजी, मीठ लावी आणि सकाळी मुले बत्तीस मोजत असताना आपली मूठ त्यातून घेई. मुलांच्या वाट्यातला एक दाणा तिने कधी तोंडात टाकलेला मी पाहिला नाही. गिरजाबाईही नाही म्हणते.

मी तो दाणा एकदा खाल्ला आहे. बालवाडीवर आमच्या वर्तमानपत्रात मजकूर द्यायचा होता, म्हणून दोन दिवस नालवाडीला राहिलो होतो. तिच्या वाटीतून चार दाणे उचलले आणि पडवीच्या बाहेर थुंकलो.

“काऊन थुकला रे?”

“अक्का, कडू जहर आहेत.”

“कडू आहे म्हनूनच तं गुन आहे. कारलं खातोस ना? मेथी खातोस ना? पोटात जंत होत नाईत यानं.”

“फेकून दे ते.”

“फेकू? त्या बाया दिवसाची मजुरी सोडून, उन्हात वाकून, एकेक फल्ली उकरतेत. अन् मी फेकू?”

आमच्यात एवढेच बोलणे झाले. मी परत जाऊन मजकूर लिहिला. तो दीड रकान्याचा होता. त्यात मुलांच्या मुठी होत्या, बत्तीसचे मोजणे होते, सुमीचे केस होते. शेवटच्या परिच्छेदात मी असे वाक्य लिहिले, की या बालवाडीत एकही दाणा वाया जात नाही. डब्याचा उल्लेख केला नाही. बातमीला त्याची गरज नव्हती. ते वाक्य वाचकांना आवडल्याची दोन पत्रे आली. अक्काने कात्रण खळीने पुठ्ठ्यावर चिकटवले आणि मुलांच्या खोलीत टांगले.

पुढचे गिरजाबाईने सांगितलेले आहे. नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्यानंतरच्या पावसाळ्यात तिने अक्काला डब्यावरून हटकले. तिच्या घरातले जुने देव तेव्हा नुकतेच बाहेर गेले होते. जुने टाकून देण्याची हिंमत आता आपल्याला आली आहे, असे ती म्हणे.

“बाई, हे दाने ढोरालेई कोनी टाकत नाई. तुमी काऊन खाता?”

अक्काने भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट केले. “हे पाह्य. एकई दाना वाया जात नाई, असं छापून आलं आहे.”

“छापून आलं म्हनून खाऊन राह्यल्या काय?”

यावर अक्का खूप हसली, असे गिरजाबाई म्हणते. पण डबा बंद झाला नाही.

आजाराची सुरुवात नक्की कधी झाली हे सांगता येत नाही. मला ती गेल्या पावसाळ्यात कळली. अक्का तेव्हा उजव्या कुशीवर झोपत नसे. तिथे वीट ठेवल्यासारखे वाटते, म्हणे. दसऱ्यापर्यंत अन्नावरची वासना गेली. दिवाळीला मी गेलो तेव्हा तिच्या डोळ्यांत पिवळेपणा होता आणि खांद्याची हाडे लुगड्यातून दिसत होती. कावीळ उतरवणाऱ्या एका माणसाचे औषध तिने तीन आठवडे घेतले. भाकरी सुटली, भाजी सुटली, ताकावर आली. सकाळची मूठ सोडली नाही. अंगात ताकद त्यानेच राहील, असा तिचा हिशेब होता. मी समोर असताना तिने ती मूठ अर्धा तास लावून संपवली. शेवटचे दाणे पाण्याबरोबर गिळले. मुलांचे मोजणे केव्हाच संपले होते.

मी तिला अडवले नाही. तिला काहीतरी खावेसे वाटते आहे, एवढेच मला तेव्हा बरे वाटले होते.

पौषाच्या अखेरीस तिला इस्पितळात नेले. डॉक्टर तरुण, शांत स्वभावाचे होते. त्यांनी पोट दाबून पाहिले आणि मला बाहेर बोलावून सांगितले, की यकृत दगडासारखे कठीण झाले आहे, त्यावर गाठी हाताला लागतात, फार दिवस नाहीत. दारूची सवय होती का, असे त्यांनी आत तिलाच विचारले होते. “डॉक्टरसाहेब, मी ताकाले नाई म्हनत नाई, बस,” असे ती म्हणाली. आहार विचारल्यावर तिने सगळे सांगितले, मुठीसह. डॉक्टर म्हणाले, दाणे उत्तम अन्न आहे, रोज खाणाऱ्याला त्याचा फायदाच होतो, पण तेलकट म्हणून सध्या बंद ठेवा. डब्यातले दाणे कसे होते हे तिने सांगितले नाही. तिला ते लपवायचे होते असे मला वाटत नाही. तिच्या लेखी ते दाणेच होते.

ते मी सांगितले, बाहेर, व्हरांड्यात. खराब झालेले, बुरशी लागलेले दाणे वर्षानुवर्षे खाल्ल्याने असे होऊ शकते का, हे विचारले. डॉक्टरांचे उत्तर मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले. ते म्हणाले: “मी शिकलेल्या पुस्तकांत असं काही नाही. मी स्वतः असं पाहिलेलं नाही. पण नाहीच होत, असंही मी लिहून देणार नाही.”

इस्पितळातल्या शेवटच्या बोलण्यापैकी बरेचसे बालवाडीचे होते. गुळाची भेली कुठे आहे, पातेल्याला कल्हई करायची आहे, नव्या आलेल्या जुळ्या मुलांना अजून चावता येत नाही, त्यांचे दाणे वाटून द्या. गिरजाबाईला तिने डबा घेऊन जायला सांगितले. “वाया नको घालवजो वं... कोंबड्याईले टाकजो.” हे मी ऐकले आहे.

अक्काच्या मृत्यूनंतर तिसऱ्या आठवड्यात मी तिची खोली आवरायला नालवाडीला गेलो. सामान फार नव्हते. दोन लुगडी, चरखा, कुसुमचे एक झबले. बालवाडी बंदच होती. खोलीत पाऊल टाकताच भाजलेल्या दाण्यांचा वास आला. चूल तीन आठवडे पेटलेली नव्हती. वास फडक्याचा होता. ती दाणे चोळायची ते फडके खिळ्याला अडकवलेले होते. कारण कळल्यावरही मी काही वेळ उंबऱ्यावरच उभा राहिलो... आत कोणी दाणे निवडत बसले आहे आणि सूप खाली ठेवले की बोलेल, असे वाटत राहिले. हा तपशील तपासता येण्याजोगा नाही. अजूनही जेवताना कोशिंबिरीतला एखादा दाणा कडू लागला, की मी घास थांबवतो. घरातल्यांना त्याची आता सवय झाली आहे.

दुपारी गिरजाबाई आली. दारातच उभी राहिली.

“भाऊ, एक इचारू? खरं सांगजा.”

“विचारा.”

“सरव्याच्या फल्ल्या मी आनत होती. माह्या हातानं त्या डब्यात टाकत होती. बाई त्याच्यानंच गेल्या काय?”

मी डॉक्टरांचे उत्तर वहीतून वाचून दाखवले.

“मंजे काय? हो का नाई?”

“माहीत नाही.”

“पेपरात तं सारं छापता तुमी. अन् हे मालूम नाई?”

मी नाही म्हणालो. मग ती खाली बसली आणि तिने पिलांचे सांगितले. डबा तिने अक्काने सांगितल्याप्रमाणे घरी नेला होता. कोंबडीची आठ पिले होती. दाणे कुटून ती रोज सकाळी त्यांना टाकी. बाराव्या दिवशी पहिले पिलू पंख पाडून बसले आणि संध्याकाळी मेले. नंतरच्या आठवड्यात आणखी पाच गेली. डबा संपला होता. मी तिच्याबरोबर जाऊन पाहिले. दोन पिले जिवंत होती. मोठ्या तीन कोंबड्यांना काही झालेले नव्हते, त्यांनीही तेच खाल्ले होते. कोंबड्यांची मानमोडीची साथ होती का, म्हणून मी वस्तीतल्या सहा घरी विचारले. पाच घरी नव्हती. सहाव्या घरी एक कोंबडा मेला होता, पण तो मुंगसाने मारला असे घरधन्याचे म्हणणे पडले.

पिलांची गोष्ट वस्तीत आधीच पसरली होती. त्याच संध्याकाळी बालवाडीच्या पडवीत आया जमल्या. दाणेच बंद करा, असे बहुतेकींचे मत होते. जुळ्यांची आई म्हणाली, बाई रोज खात होत्या आणि गेल्या, पिले खाऊन मेली, आता आपली पोरे मरेपर्यंत थांबायचे का? मला विचारले गेले. मुलांच्या मुठीतले दाणे आणि डब्यातले दाणे एक नव्हते, एवढे मला माहीत आहे, असे मी म्हणालो. बंद करा किंवा करू नका, यांपैकी काहीच मला सांगता येत नव्हते. मग गिरजाबाईने सुमीला हाक मारली. सुमी आता बारा वर्षांची आहे, चौथी पास. गिरजाबाईने तिला सगळ्यांच्या मध्ये उभे केले.

“हिचे केस पाहा. पाय पाहा. हिनं तीन वर्षं पातेल्यातलेच खाल्ले, बाईनं निवडून देल्ले. ज्या पोराईनं चांगले खाल्ले ते जगले. उरलेले आपल्या बाईनं खाल्ले.” एवढे म्हणून ती पहिल्यांदा रडली. जुळ्यांच्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मत बदलले असे ती म्हणाली नाही.

ठरले ते असे. पोती भिंतीपासून काढून माच्यावर ठेवायची. भिजलेला सरवा घ्यायचा नाही. निवडायला चार जणी बसतील. तिसरा वाटा कोणी खाणार नाही, आणि जनावराला किंवा कोंबडीलाही टाकायचा नाही. भिंतीवरचे कात्रण मी काढून मागितले. गिरजाबाई म्हणाली, बाईने लावले आहे, राहू द्या. ते तिथेच आहे.

गेल्या सोमवारी बालवाडी पुन्हा उघडली. मी आदल्या दिवसापासून तिथे होतो. पटावरच्या एकतीस मुलांपैकी सव्वीस आली, जुळी आली नाहीत. सव्वीस मुठी भरल्या गेल्या आणि सुमीने बत्तीसपर्यंत मोजून घेतले. रविवारच्या निवडीत निघालेले खराब दाणे, अंदाजे दोन ओंजळी, मुले घरी गेल्यावर गिरजाबाईने चुलीत टाकले. ते तेलामुळे मोठ्या ज्वाळेने पेटले आणि पंधरा मिनिटांत जळाले.